उंबऱ्याच्या आतलं

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ओळ सरळ राहत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गोंदियाकडच्या गावात. लग्न होऊन रायपूरला आले आणि मराठी लिहायचं काम पुढे पडलंच नाही. चुका असतील त्या पदरात घ्याव्या. मेश्राम मॅडमनी एकदा माझ्या हातचा अर्ज वाचून म्हटलं होतं, "अक्षर कोंबडीचं आहे, पण गोष्ट माणसाची आहे. चालते." त्या भरवशावर लिहिते आहे.

मॅडमना ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्यांची एक सवय आधी सांगायला हवी. कुणीही भेटलं की त्या विचारत, "कसं काय?" समोरचा म्हणे, "बरं आहे." मग मॅडम चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "हे उंबऱ्याबाहेरचं झालं. आता आतलं सांग." हे त्या पक्षकारांना विचारत, कोर्टाच्या शिपायाला विचारत, भाजीवाल्यालाही विचारत. भाजीवाला एकदा खरंच सांगू लागला. मेव्हण्यानं गाडा कसा बळकावला इथून सुरुवात झाली. मॅडम स्कूटर उभी करून भर उन्हात ऐकत राहिल्या. त्याला दोन सल्ले देऊन घरी आल्या तेव्हा लक्षात आलं, टमाटे घ्यायचे राहूनच गेले.

वय साठीच्या पुढे होतं. ठेंगण्या, सावळ्या, आवाज अंगापेक्षा मोठा. पांढरी सुती साडी, त्यावर काळा कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट पाहून लोक हसत. त्या म्हणत, "कोर्टात माणसाच्या आधी तारीख पळते. तिले पकडायले बूट लागतात." त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीवर इथे आले होते. मॅडमनी लग्न केलं नाही. चौबे कॉलनीत भावाच्या कुटुंबासोबत राहत. समोरच्या खोलीत बुद्धाची लहान मूर्ती, कायद्याची पुस्तकं आणि एक सूप. त्या सुपाचं काम पुढे येईल.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती धाकट्या दिरासोबत. नवऱ्याच्या अपघाताबद्दल विमा कंपनीच्या माणसानं तडजोडीचा कागद दिला होता, त्यावर सही कुठे करायची एवढंच विचारायचं होतं. भाऊजीच बोलत होते. मी दारापाशी पदर धरून उभी. भाऊजी म्हणाले, "मॅडम, भाऊ आता बरा आहे. चालतो, बोलतो, जेवतो. जेवढे देऊन राहिले तेवढे घेऊन मोकळं व्हावं म्हणतो."

मॅडमनी कागद वाचला. मग विचारलं, "भावाचं डोकं तुम्ही काय भावानं विकून राहिले, भाऊ? भंगारवालाही यापेक्षा जास्त देते."

भाऊजी वाईट नव्हते. दवाखान्यात त्यांचेही पैसे गेले होते आणि ते थकले होते. मॅडमनी त्यांना चहा दिला, आणि मग माझ्याकडे वळल्या. "तू बायको ना? तू सांग. कसा आहे नवरा?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

चष्मा कपाळावर गेला.

पण मला बोलता येईना. परक्या माणसासमोर माझा आवाजच निघत नाही, लहानपणापासून तसंच आहे. मॅडमनी ते सूप माझ्यापुढे सरकवलं. त्यात वालाच्या शेंगा होत्या. "ये, बस खाली. सोल. हात रिकामे असले की माणूस तोंड सांभाळते. हाताले काम दे, तोंड आपोआप सुटते." भाऊजींना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर झाडाखाली बसा. तुमच्या हातानं माझ्या शेंगा खराब होतील."

त्या अशाच होत्या. पुढे मला कळलं, त्यांच्या घरची निम्मी भाजी पक्षकारच निवडत. कुणी त्यावरून चिडवलं तर म्हणत, "फी कमी घेतो ना, मग एवढं तर वसूल करू दे." पण खरंच, शेंगा सोलता सोलता मी बोलले. मान वर केली नाही, पण सगळं बोलले.

माझे यजमान, आमच्या मुलीचे, मनूचे बाबा, भनपुरीत मोटर वायंडिंगच्या दुकानात मिस्त्री होते. जळालेली मोटर उघडायची, आतली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, असं ते काम. वेढा एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. संध्याकाळी सायकलवर घरी येत असताना मागून मालाची पिकअप येऊन धडकली. डोक्याला मार लागला. बरेच दिवस बेशुद्ध होते. मग डोळे उघडले, मग बोलले, मग आपल्या पायांनी चालत घरी आले. पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले लोक म्हणाले, देव पावला. केस वाढले तशी टाक्यांची ओळही दिसेनाशी झाली.

पण चहा पिऊन झाला की ते चहा मागत. मनूला शाळेतून आणायला गेले तर शाळा सुटायच्या आधी दोनदा जाऊन परत आले, आणि सुटायच्या वेळी गेलेच नाहीत. कधी आवाज न चढवणारा माणूस मीठ कमी म्हणून ताट भिरकावू लागला, आणि थोड्या वेळानं मलाच विचारी, हे कुणी सांडलं? दुकानाच्या मालकांनी जागा धरून ठेवली होती. एकदा कामावर घेऊनही गेले. थोड्याच दिवसांत स्वतः घरी सोडायला आले. म्हणाले, "दीदी, हाथ तो वही है. लेकिन गिनती पूरी होते ही फिर एक से शुरू कर देते हैं. मैं क्या करूँ?"

हे सगळं घरात होतं. बाहेर कुणाला कळलं नव्हतं, कारण सासूबाईंना ते कळू द्यायचं नव्हतं. "घरची गोष्ट दारात कायले नेता?" असं त्या म्हणत. आपल्या मुलाला कुणी वेडा म्हणेल याची त्यांना धास्ती होती. मुलगी मोठी होते आहे, तिचं पुढे लग्न करायचं आहे. म्हणून रोज सकाळी मनूच्या बाबांचे केस विंचरताना त्या शिकवत, "कोनी कसंही इचारू दे, बने हे म्हनायचं. बाकी सांगत बसायचं नाही." बने हा इकडचा छत्तीसगढी शब्द. बने म्हणजे छान, बरं. दुकानातल्या मिस्त्र्यांमुळे तो मनूच्या बाबांच्या तोंडी आधीपासून होता. सासूबाईंनी तो पाढ्यासारखा पक्का करून घेतला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासणी झाली, त्या दिवशीही तसंच झालं. दाढी करून दिली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. डॉक्टरांनी विचारलं, डोकं दुखतं का, विसरायला होतं का, राग येतो का. प्रत्येक प्रश्नाला मनूचे बाबा हसून म्हणाले, "बने हे, साहेब." डॉक्टरांसमोर रांग मोठी होती. कागदावर अपंगत्व अगदी थोडं लिहिलं गेलं. तोच कागद धरून कंपनीनं तडजोड पुढे केली होती.

मी बोलायची थांबले तेव्हा सुपातल्या शेंगा संपल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "दुसरा कोणता समाज असता तर माणसाचं दुखणं मोठं करून दाखवलं असतं. आपण बाई, जाळ लागला तरी आधी अंगण झाडतो, लोक पाहायले येतील म्हणून." मग तो तडजोडीचा कागद त्यांनी घडी घालून परत दिला. "भाऊजीले सांग, सही नाही. अन् सासूले सांग, मी चहाले येऊन राहिली."

त्या खरंच आल्या. सासूबाईंनी दारातच सांगितलं, "पोरगा बने हे." मॅडम म्हणाल्या, "आजी, चांगलंच आहे. मी त तुमच्या हातचा चहा प्यायले आली." मग दोघी किती वेळ बसल्या. भंडाऱ्याकडच्या तांदळाच्या गोष्टी निघाल्या, नद्यांच्या निघाल्या. निघताना मॅडम म्हणाल्या, "आजी, भांड्यावर झाकण ठेवलं की वास बाहेर जात नाही. पण आतली भाजी करपून राहिली असली त तेही कळत नाही." मॅडम गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "बाई तोंडाची तिखट आहे. पन खोटी नाही." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

डोक्याला झालेली इजा वरून दिसत नाही, म्हणून ती मोजावी लागते. मॅडमनी नागपूरला एका डॉक्टरांकडे स्मरणाची तपासणी ठरवली. दोन दिवस बसवून हजार गोष्टी विचारतात, चित्रं दाखवतात, ठोकळे लावायला देतात. तिचा खर्च, गाडीभाडं, राहणं. माझ्याकडे काही नव्हतं. मॅडमनी कपाटातून पैसे काढून दिले. मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

त्या रागावल्या. "उपकार नाही, उधार आहे. उपकार घेतला की मान खाली जाते अन् तशीच राहते. उधारीनं फक्त पाय जड होतात, तेही फेडेपर्यंत." मी विचारलं, कुठे लिहून ठेवू का. "कशाले? तुले माहीत आहे, मले माहीत आहे. तिसऱ्याले काय करायचं?"

नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं, हा माणूस नवीन गोष्ट लक्षात ठेवू शकत नाही, एकट्यानं काम करू शकत नाही, सोबत कायम लागेल. कोर्टात येऊन त्यांनी सांगितलंही. आम्हाला वाटलं, झालं. पण कंपनीचे वकील हुशार होते. तरुण, गोड बोलणारे. त्यांनी म्हटलं, सरकारी डॉक्टर एक सांगतात, नागपूरचे दुसरं सांगतात, तर मग त्या माणसालाच समोर उभं करा. कोर्टानं मान्य केलं.

त्याआधी सासूबाई गेल्या. दोन दिवस ताप आला आणि गेल्या. अग्नी मनूच्या बाबांनीच दिला. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले आणि मला विचारलं, "आई कुठं गेली?" मी सांगितलं. ते रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, आणि ते पुन्हा पहिल्यासारखेच रडले. असं रोज. एक दिवस मनू मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदीत. म्हणाली, "मम्मी, अब मत बताओ ना. पापा की माँ रोज़ मर रही है." तेव्हापासून आम्ही सांगू लागलो, आई गावाला गेली आहे. मग केस विंचरायचं काम माझ्याकडे आलं.

माझा जबाब आधीच्या तारखेला झाला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली आणि माझी जीभ अडली. कोर्टाच्या बाबूनं दोनदा विचारलं. मॅडम मागून म्हणाल्या, "घे नाव. नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होत नाही, न घेतल्यानं केस कमी होते." मी घेतलं, मोरेश्वर. सासूबाई वारल्याचंही त्याच जबाबात सांगितलं होतं.

मनूच्या बाबांच्या तारखेच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांना काही शिकवायचं नाही. दोन, "उद्या तू तोंड उघडायचं नाही. तो अडला, चुकला, काहीही म्हटला, तरी तू मधात पडायचं नाही. जमते का?"

हे ऐकून मला हसू आलं. आयुष्यभर मला लोक बोल म्हणत आले. पण अपघातापासून मी नवऱ्याच्या जागी बोलायला शिकले होते. कुणी त्यांना काही विचारलं की त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत मी उत्तर देत असे. एवढा एकच बोलायचा सराव मला झाला होता, आणि तोच बंद ठेवायचा होता.

त्या दिवशी कंपनीचे वकील फार प्रेमानं बोलले. "कैसे हैं, भाई साहब?"

"बने हे, साहेब."

"काम पर जाते हैं?"

"हव, रोज."

"कोई तकलीफ़? याददाश्त वगैरह?"

"कुछू नहीं. सब बने हे."

ते हसले, जजसाहेबांकडे पाहिलं आणि खाली बसले. घराचं भाडं, मनूची शाळा, यांच्या गोळ्या, सगळं त्या एका शब्दावर चाललं होतं. सासूबाईंनी इतक्या प्रेमानं शिकवलेला तो शब्द.

मॅडम उठल्या. चष्मा कपाळावर चढवला. कोर्टात त्या एरवी तसं करत नसत.

"मोरेश्वर भाऊ, आज बाल किसने बनाए? बहुत अच्छे लग रहे हैं."

"आई ने."

मी पदराचा बोळा तोंडात धरला.

"आई कैसी है?"

"बने हे."

साहेबांनी कागद उलटले. माझ्या जबाबाचं पान काढलं, वाचलं. मग स्वतः विचारलं, "माताजी अभी कहाँ हैं?"

"घर में. दरवाज़े पर बैठी होगी. मैं जब तक नहीं जाता, बैठी रहती है."

कंपनीचे वकील उठले, "सर, यह सिखाया हुआ..." आणि तिथेच थांबले. कारण मनूचे बाबा त्यांच्याकडे पाहतच नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. पिंजऱ्याचा कठडा धरून, भरल्या कोर्टात, घरातल्यासारखे मला म्हणाले, "काहून रडून राहिली? आईनं काही म्हटलं का?"

मी बोलले नाही. मॅडमना शब्द दिला होता. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलली. कंपनीच्या वकिलांनी पुढे काही विचारलं नाही. बाहेर पडताना ते मनूच्या बाबांच्या पाया पडल्यासारखे वाकले आणि निघून गेले. त्यांचाही दोष नव्हता, त्यांचं ते काम होतं.

बाहेर चिंचेखाली मॅडम म्हणाल्या, "रागावली?"

"नाही."

"हे उंबऱ्याबाहेरचं."

"रागावले," मी म्हटलं. "त्यांना आईचं विचारायला नको होतं. मला आधी सांगायला हवं होतं."

"बरोबर आहे. तुले सांगितलं असतं त तू त्याले रात्रभर जपलं असतं, अन् मग त्याच्या तोंडून तुझं उत्तर आलं असतं." त्या बाकावर बसल्या, बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "तुले एक सांगतो. मले माहीत नव्हतं तो काय म्हणेल. आई मेली म्हटला असता त आपण हरलो असतो. पण मी पेढे वाटले असते."

मी विचारलं, "घरी गेल्यावर ते आईला शोधतील. तुम्ही तर झाकू नको म्हणता. आता मी काय सांगू?"

मॅडमनी जे उत्तर दिलं ते मी रोज वापरते. म्हणाल्या, "पुष्पा, झाकण वेगळं, पांघरूण वेगळं. झाकण भांड्यावर ठेवतात, आतलं कोणाले दिसू नये म्हणून. पांघरूण माणसावर घालतात, त्याले थंडी वाजू नये म्हणून. जगापासून लपवू नको. पण त्याले म्हण, आई गावाले गेली. रोज म्हण."

निकाल आमच्या बाजूनं लागला. कोर्टानं लिहिलं, कमाई पूर्ण गेली, आणि सोबतीला माणूस लागतो त्याचाही खर्च द्यावा. कंपनी बिलासपूरला हायकोर्टात गेली, तिथेही निकाल टिकला. मॅडमनी साहेबांना सांगून पैसे बँकेत ठेवीत टाकायला लावले, महिन्याला व्याज येईल असे. मला आधी वाईट वाटलं, माझ्यावर विश्वास नाही का. त्या म्हणाल्या, "तुझ्यावर आहे. पण मोरेश्वर कोणालेही सही देईल, अन् तू कोणालेही नाही म्हणणार नाही. तुमच्या दोघांच्या मधात मले बँक पाहिजे." फी घेतली ती वेगळी, ठरली होती तेवढीच. उधार मात्र एकदम घेतली नाही. "अगोदर घर. मग हप्त्यानं दे."

मी डबे करून द्यायला सुरुवात केली. मोठा गंज, म्हणजे पातेलं, घ्यायला मॅडमच मला गोल बाजारात घेऊन गेल्या. दुकानदारानं विचारलं, "ढक्कन भी चाहिए?" मॅडम इतक्या हसल्या की चष्मा पडता पडता राहिला. "दे दे भैया, इसको ढक्कन की बहुत आदत है." मीही हसले. भर बाजारात मोठ्यानं हसायची ती माझी पहिलीच वेळ असेल. मनूच्या बाबांना बटाटे सोलायला बसवते. दिलेले सगळे सोलून होतात, मग ते रिकाम्या टोपलीकडे पाहतात आणि विचारतात, "सुरू करू का?" मी म्हणते, "आज पुरे." त्यात कुणाचं नुकसान नाही.

दर महिन्याला हप्ता द्यायला जात होते. मॅडम पैसे घेत, माझ्यासमोर मोजत आणि आत ठेवून येत. मग सूप पुढे करत. शेजारच्या बायका म्हणत, एवढी मोठी वकील, गरिबाचे पैसे मोजून घेते. मला तसं कधी वाटलं नाही. मोजून घेणाऱ्या माणसासमोर आपण बरोबरीनं बसलेलो असतो. हे समजावायला मला कुणाजवळ शब्द सापडले नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते.

मग त्यांच्या हृदयाचं दुखणं वाढलं. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती, बूट खाटेखाली नीट ठेवलेले होते. मी विचारलं, "कसं काय, मॅडम?"

त्या हसल्या. "बने हे."

मी म्हटलं, "हे उंबऱ्याबाहेरचं झालं."

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आत आता फार सामान नाही, पुष्पा. थोडी भीती आहे. बाकी झाडून ठेवलं आहे." मग लगेच, "मोरेश्वर कसा आहे? आतलं सांग." मी बसून सगळं सांगितलं. ती आमची शेवटची भेट.

त्या गेल्या तेव्हा माझे थोडे हप्ते राहिले होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता कोणाले देता? कुठं लिहिलेलं आहे?" खरंच, कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि आता मला एकटीलाच माहीत होतं. मी दर महिन्याला डब्याच्या पैशातून तेवढे बाजूला काढत राहिले. पूर्ण झाले तेव्हा चौबे कॉलनीत गेले. दार त्यांच्या भाचीनं उघडलं, भावाची मुलगी, श्रुती नाव. तीही आता वकिली करते. सूप अजून तिथेच होतं.

मी पाकीट पुढे केलं. ती गोंधळली. "आंटी, बुआ ने तो कभी बताया ही नहीं. रहने दीजिए न."

"त्यांनी नाही सांगितलं, म्हणून मी सांगून राहिली," मी म्हटलं. आवाज माझाच होता, आणि अडला नाही. "उधार होती. उपकार नव्हते. मोजून घ्या."

तिनं मला बसवलं, पाणी आणलं. बोलायचं म्हणून विचारलं, "और अंकल? ठीक हैं न?"

ठीक हैं, हे तोंडाशी आलं होतं. समोर भिंतीवर मॅडमचा फोटो होता. त्यात चष्मा कपाळावर होता.

"नाहीत ठीक," मी म्हटलं. "आज सकाळी मला विचारलं, तुम्ही कोण. मग चहा पिऊन म्हणाले, चहा मात्र ओळखीचा आहे."

श्रुती खाली माझ्याजवळ बसली, पाकीट उघडलं आणि एकेक नोट मोजू लागली, बुआ मोजत असत तशीच, ओठ हलवत. शेवटची नोट ठेवून तिनं वर पाहिलं.

"पूरे हैं, आंटी."

"हो," मी म्हटलं. "पूर्ण झाले."